वफ्रा रोडवरचा मेंढा

जयप्रकाश देवरे यांना त्या शुक्रवारच्या जेवणातून दोन वर्षं कमवायची होती. जास्त नाही, कमी नाही. दोन वर्षांत धाकटा मुलगा जयदीप सांगलीच्या खासगी मेडिकल कॉलेजातून बाहेर पडणार होता, आणि मग कुवेतने उद्या सकाळी निघा म्हटलं असतं तरी देवरे आजच बॅग भरून दारात बसले असते. पण कंत्राट मार्चमध्ये संपत होतं, आणि पुढची दोन वर्षं एका माणसाच्या सहीवर अडली होती. तो माणूस म्हणजे सदानंद गांगुर्डे. देवऱ्यांहून चांगलाच लहान, गाव त्यांच्यासारखंच नाशिककडचं, आणि गेल्या उन्हाळ्यापासून खात्याचा मॅनेजर.

सदानंद कुणाकडून काही घेत नसे. दिवाळीचा मिठाईचा डबासुद्धा रिसेप्शनवर उघडा ठेवून येईल-जाईल त्याला वाटून टाकी. मात्र जेवायला बोलावलं तर नाही म्हणत नसे. बायको-मुलं नाशिकला, स्वतः मेसच्या जेवणाला विटलेला, आणि मटण म्हटलं की डोळे चमकणारा. देवऱ्यांनी हे हेरून ठेवलं होतं. एका पारड्यात एक वेळचं मटण, दुसऱ्या पारड्यात दोन वर्षं. यापेक्षा सोपं गणित पेट्रोकेमिकलमध्ये उभा जन्म काढलेल्या माणसाला सापडणार नव्हतं.

त्यातही त्यांना मटण विकत आणायचं जिवावर आलं होतं. देवरे चिक्कू होते असं सगळे म्हणत, पण ते बरोबर नाही. चिक्कू माणूस खर्च टाळतो. देवऱ्यांची तऱ्हा वेगळी. कुणीतरी टाकून जाणार असलेली वस्तू, टाकली जाण्याआधी, ते आपल्याकडे वळवत. कुवेतमधून दर वर्षी कुणी ना कुणी कायमचा परत जातो, आणि जाताना सामान नेणं परवडत नाही. अशा माणसाच्या घरी शेवटच्या आठवड्यात देवरे निरोप घ्यायला जात. त्यामुळे हवल्लीतल्या त्यांच्या फ्लॅटमधल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूला एका गेलेल्या माणसाचं नाव होतं. सोफा नायरांचा. ओव्हन कुलकर्ण्यांचा. "चष्मा मी मॅथ्यूच्या टेबलावर ठेवलाय," असं त्यांच्या पत्नी श्यामलाबाई सहज म्हणत, आणि ऐकणाऱ्याला वाटे की या घरात आणखी पाच-सहा माणसं राहतात.

सदानंदच्या खाण्याबद्दल एक गोष्ट देवऱ्यांना ठाऊक होती, आणि ती त्यांनी विसरायला नको होती. मेसमध्ये एकदा उंटाच्या मांसावरून गप्पा निघाल्या होत्या. टेबलावर देवरे होते, आणि त्यांच्या हाताखालचा टेक्निशियन मुबीन परकार होता. मुबीन चिपळूणचा, ठेकेदाराच्या पगारावरचा. सदानंद म्हणाला, "उंट खाईन, ससा खाईन. घोरपड खाऊन झालीय. एकच खात नाही. मेलेलं."

"मेलेलंच खातात साहेब, जिवंत कोण खातं?" देवरे हाड चोखत म्हणाले.

सदानंदही हसला होता. मग त्याने सांगितलं. गावातली मेलेली गुरं ओढायची आणि त्यांच्याच मांसावर जगायचं, हे त्यांच्या घराण्याच्या वाट्याला आलेलं काम. पणजोबा महाडच्या सभेहून परत आला तेव्हा दारात दोरीवर मांसाच्या पट्ट्या वाळत होत्या. त्याने दोरी तोडली, पट्ट्या खड्ड्यात पुरल्या आणि घरातल्या सगळ्यांना त्या खड्ड्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. "पणजी सांगायची, ते साल आम्ही पाला खाऊन काढलं, पण मान खाली घातली नाही. तेव्हापासून आमच्या घरात जन्मलेल्या कुणी मेलेलं तोंडात घातलेलं नाही. कापलेलं खातो. मेलेलं नाही."

"आमच्यातही मेलेलं चालत नाही, साहेब," मुबीन म्हणाला.

"मग आपली पंगत एकच," सदानंद म्हणाला, आणि दोघांनी ताटं जवळ ओढली.

गुरुवारी दुपारी देवरे आणि मुबीन वफ्राकडच्या साईटवरून परत निघाले होते. दुसऱ्या दिवशी जेवण. सदानंद येतो म्हणाला होता, आणि देवरे गाडी चालवताना मटणाचा विचार करत होते. गांगुर्ड्याला नुसत्या ऑस्ट्रेलियन मटणावर भागवावं की इथल्या नईमी मेंढ्याचं आणावं? नईमीची चव निराळी, पण भावही निराळा.

जानेवारीची थंडी होती. हवेत धूळ. दोन्ही बाजूंनी सपाट वाळू, मधूनमधून तंबू आणि जनावरांचे गोठे. डाव्या हाताला मातीचा बांध घातलेला होता. त्या बांधामागून मेंढा आला तो सरळ बंपरसमोरच.

देवऱ्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरले, आधी बंपर पाहिला, मग मेंढा. बंपरला ओरखडा होता. मेंढा बांधाच्या पायथ्याशी आडवा पडला होता. चांगला भरलेला, पाठीमागे चरबीची रुंद शेपटी, कानात पिवळा प्लास्टिकचा बिल्ला. मान अशी वळलेली की जिवंत मानेला तसं वळता येत नाही.

मुबीन गुडघ्यावर बसला, मेंढ्याच्या डोळ्याला बोटाचं टोक लावलं. पापणी हलली नाही.

"गेला, साहेब."

"नईमी आहे," देवरे म्हणाले.

मुबीनने वर पाहिलं. देवऱ्यांचा चेहरा त्याला ओळखीचा होता. नायरांचा सोफा पहिल्यांदा पाहिला तेव्हाही तो असाच झाला असणार.

"पोलिसांना कळवू या का?"

"कळव. मग बस इथंच. पोलीस येणार, मालक येणार. मालक म्हणणार, माझ्या कळपातला हाच सगळ्यांत भारी. आपण म्हणणार, तो रस्त्यावर कशाला सोडलास. गाडी कंपनीची. अपघाताचा रिपोर्ट गांगुर्ड्याच्या टेबलावर. आणि कधी? तर याच महिन्यात."

"पण मेंढा कुणाचा तरी आहे, साहेब."

"होता. आता कुत्र्यांचा आहे. कुत्र्यांपेक्षा माणसं बरी की नाही? चल, कापून टाक."

मुबीन उठून उभा राहिला. "बाहेर कापायला बंदी आहे. सरकारी कत्तलखान्यातच कापावं लागतं."

"बंदी जिवंत जनावराला. तूच म्हणालास ना, मेला?"

"मग मेलेलं कापून काय उपयोग? आम्हाला हराम. गांगुर्डे साहेबांना शपथ."

देवरे या प्रश्नावर जराही अडखळले नाहीत. अवघड तपासणीच्या रिपोर्टात कुठला शब्द कुठे बसवायचा हे त्यांना इतकी वर्षं जमत आलं होतं. "हे बघ. सरकारपुरता मेंढा मेलेला आहे, म्हणजे बंदी लागू नाही. तुझ्यापुरता जिवंत आहे, तो पाय बघ, आत्ताच हलला."

"नाही हलला."

"तू बघत नव्हतास. आणि गांगुर्ड्यापुरता तो मारलेला आहे. मेलेलं म्हणजे काय? रोगाने, म्हातारपणाने, आपलं आपण मेलेलं. याला कुणी मारलं? आपण. गाडीने मारला काय आणि सुरीने मारला काय."

मुबीनने गाडीतल्या टूलबॉक्सकडे पाहिलं. त्याची नोकरी ठेकेदाराची होती, आणि ठेकेदार दर वर्षअखेर देवऱ्यांना एकच प्रश्न विचारत असे: तुमच्याकडचं कोण पुढे हवं आहे? देवऱ्यांनी सांगितलेल्या नावांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढे. जाब्रियाच्या क्लिनिकात मुबीनची बायको आफिया नर्स होती. दोघांच्या पगारांवर एक खोली, चिपळूणला चाललेलं घराचं बांधकाम आणि मुबीनच्या आईची औषधं असं सगळं बेताबेताने उभं होतं. एक पगार काढला की बाकीचं पडणार, हे त्याला रोज सकाळी ठाऊक असे.

त्याने टूलबॉक्समधली सुरी घेतली. मेंढा बांधाच्या आड ओढला. बकरी ईदला वडिलांबरोबर केलेलं काम हातांना आठवत होतं. मानेवर सुरी ठेवताना जिवंत जनावरावर अल्लाचं नाव घेतात. त्याने घेतलं नाही. देवऱ्यांच्या ते लक्षातही आलं नाही. ते रस्त्याकडे तोंड करून, कुणी येत नाही ना हे पाहत होते. रक्त उडालं नाही. नुसतं ओघळलं, काळं, घट्ट.

पोट फुटलेलं नव्हतं. ते फुटलं असतं तर सगळंच टाकावं लागलं असतं, आणि ही गोष्ट तिथेच संपली असती. उजवा खांदा मात्र आतून जांभळा झाला होता. तो मुबीनने काढून टाकला. देवरे हळहळले. बाकीचं साईटच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून मागे ठेवलं. निघण्याआधी मुबीन पुन्हा खाली वाकला. मेंढ्याचा बिल्ला असलेला कान कापून त्याने बांधावरच्या तारेला अडकवला.

"हे काय नवीन?"

"आमच्याकडे बकरी दरीत पडून मेली तर राखणारा कान आणून मालकाला दाखवतो. नाहीतर मालक म्हणतो, विकलीस."

"लाव, लाव," देवरे म्हणाले. "कान कोण खातं."

घरी श्यामलाबाईंनी मटण पातेल्यात काढलं, पाणी घातलं, ते पाणी लाल झालं. ओतलं, पुन्हा घातलं, पुन्हा लाल. मीठ आणि व्हिनेगर घालून ठेवलं, तरी रंग सुटतच राहिला.

"कुठल्या दुकानातलं हो?"

"मुबीनने आणलंय. त्यांना कळतं त्यातलं."

"त्यांच्यातलं असं नसतं. रक्त सगळं वाहून गेलेलं असतं."

"ताजं आहे म्हणून."

श्यामलाबाई नवऱ्याच्या तोंडाकडे थोडा वेळ पाहत राहिल्या. घरातल्या प्रत्येक खुर्चीला आधीचा एक मालक असतो, तर मटणालाही असेल. इतक्या वर्षांत त्यांनी असले प्रश्न गिळायला शिकून घेतलं होतं. भरपूर आलं-लसूण लावलं, दही चोळलं, काळ्या मसाल्याचा डबा काढला. देवरे अंघोळीला गेले होते तेव्हा त्यांनी आणखी एक गोष्ट केली. मुबीनने एवढं आणून दिलं, तर त्याच्या बायकोला विसरणं बरं दिसणार नाही, म्हणून आफियाला फोन केला. ड्यूटी संपवून परस्पर ये म्हणाल्या.

हे ना देवऱ्यांना ठाऊक होतं, ना मुबीनला.

मुबीनला खरं तर यायचंच नव्हतं. पण देवऱ्यांनी बजावलं होतं, "तू नाही आलास तर तो विचारेल, तुमचा मुबीन कुठे. ये, पोट बिघडलंय सांग, वरणभात खा, आणि गप्प बस. तेवढंच काम." मुबीनने हो म्हटलं. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं त्याने जुम्म्याच्या नमाजाहून येताना स्वतःला दोन-तीनदा सांगितलं. पहिल्यांदा पटलं असतं तर दुसऱ्यांदा सांगावं लागलं नसतं.

नायरांच्या सोफ्यावर सदानंद बसला होता. शेजारी देवेंद्र, बँकेतला, महाराष्ट्र मंडळाचा उत्साही माणूस. एकट्या साहेबाला बोलावलं की हेतू उघडा पडतो, म्हणून देवऱ्यांनी त्याला घेतला होता. ताटं वाढली गेली. बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्याचा लालभडक रस्सा, सुकं वेगळं.

सदानंदने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "वहिनी, हे सिन्नरच्या बाजूचं वाटण आहे."

"माहेर सिन्नर माझं," श्यामलाबाई म्हणाल्या.

"तरीच. इथं आल्यापासून असं खाल्लं नव्हतं."

"नईमी आहे साहेब," देवरे म्हणाले. "इथल्या वाळूतलं जनावर. दुकानातलं नव्हे."

"देवरेकाकांनी नईमी आणलं?" देवेंद्र म्हणाला. "साहेब, दोन वाट्या जास्त घ्या. असा धूमकेतू परत दिसायचा नाही."

सगळे हसले. सदानंदने दुसरी वाटी घेतली. देवऱ्यांनी ती वाटी भरताना रश्श्याबरोबर नळीही शोधून घातली, आणि त्यांच्या मनात मार्च महिना सरकत सरकत दोन वर्षं पुढे गेला.

"मुबीन, तू वरणभात?"

"पोट जरा बरं नाही, साहेब."

"अरे रे. आजच कसं?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात आफिया होती, क्लिनिकच्या कपड्यांवर जाड स्वेटर, सकाळपासून उभी राहून पाय दुखलेली. श्यामलाबाईंनी तिला हाताला धरून आत आणलं, कुलकर्ण्यांच्या ओव्हनशेजारच्या छोट्या टेबलाशी बसवलं, आणि ताट पुढे ठेवलं.

"तुझ्याच नवऱ्याने आणलंय. पोटभर खा."

"मुबीनने? मला बोलला नाही." आफिया हसली, भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला.

मुबीनला तिची पाठ दिसत होती आणि वर उचलला जाणारा हात. समोर देवरे होते. त्यांनी नुसती मान हलवली, नको म्हणून. बांधाआड सुरी ठेवताना जेवढा वेळ लागला होता तेवढाही आता नव्हता.

"आफिया, ते खाऊ नकोस."

तो मोठ्याने बोलला नव्हता. तरी सगळ्यांचे हात थांबले.

"का रे?" आफियाने वळून विचारलं.

"हलाल नाही."

देवरे ताडकन बोलले. "अरे, त्यांचं धर्माचं काहीतरी असेल. दुकानदाराने गडबड केली असेल. साहेब, तुम्ही घ्या. आपल्याला काय त्याचं."

सदानंदने घास खाली ठेवला. "तुम्ही म्हणालात दुकानातलं नव्हे. आणि आणलंय मुबीनने. मग मुबीनला कळलं नाही हलाल नाही ते?" तो मुबीनकडे वळला. "काय आहे हे?"

"साहेब, वफ्रा रोडला गाडीसमोर आला. मेंढा."

"जिवंत होता?"

मुबीनने देवऱ्यांकडे पाहिलं नाही. "नव्हता. मी सुरी लावली, पण नाव घेतलं नाही. मेलेल्यावर घेत नाहीत."

श्यामलाबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. पातेल्यातलं लाल पाणी त्यांना आता पुन्हा दिसत असावं.

"मेलेला कसा? मारलेला," देवरे म्हणाले. "साहेब, फरक आहे. आपल्या गाडीने मारला. ही एका तऱ्हेने शिकारच झाली."

"देवरे, त्या दिवशी मेसमध्ये तुम्ही होता."

"होतो की. पण साहेब, ती गोष्ट शंभर वर्षांची झाली. तेव्हा खायचे ते नाइलाजाने. आता आपण आवडीने खाल्लं. दोन वाट्या घेतल्यात तुम्ही. चवीला काही फरक पडला का?"

देवेंद्रला हसू येऊ लागलं होतं. त्याने वर पाहिलं आणि ते तोंडातच ठेवलं.

सदानंद उठला. बाथरूमचं दार लावून घेतलं. आतून पाण्याचा आवाज येत राहिला, मध्ये ओकारीचा, मग पुन्हा पाण्याचा. कुणीही ताटाला हात लावला नाही. आफिया दोन बोटांनी भाकरीचा तो तुकडा ताटाच्या कडेला सरकवत बसली होती. बाहेर आला तेव्हा सदानंदचा चेहरा ओला होता आणि शर्टाची बाही कोपरापर्यंत भिजली होती.

"वहिनी, तुमच्या हाताला दोष नाही," तो म्हणाला. चप्पल घालताना मुबीनच्या खांद्यावर हात ठेवला, आणि लगेच काढून घेतला. देवऱ्यांशी तो बोलला नाही.

शनिवारी मुबीन एका मित्राची गाडी घेऊन वफ्रा रोडला गेला. तारेवर कान नव्हता. गोठ्यापाशी मेंढपाळ बसला होता, माहीन नावाचा, बांगलादेशचा. मुबीनने विचारलं तेव्हा त्याने खिशातून तो वाळलेला कान काढून दाखवला.

"मिला था," माहीन म्हणाला. "मालिक को दिखाया. मालिक बोला, कान है तो बाकी मेंढा किधर है? कान तू ने काटा, गोश्त तू ने बेचा. मेंढा पूरा मरा पडा मिलता, तो कुछ नहीं बोलता. अब पगार बंद."

चिपळूणची रीत इथे उलटी बसली होती. दरीत पडलेल्या बकरीचा सांगाडा दरीत असतो. मालकाला वाटलं तर उतरून पाहता येतो. इथे मुबीनने पुरावा म्हणून ठेवलेला कान माहीनवरचा आरोप होऊन बसला होता. मुबीन तिथेच थांबला. संध्याकाळी मालक आला. मुबीनने सांगितलं, माझ्या गाडीने मेला, मीच नेला. देवऱ्यांचं नाव त्याने घेतलं नाही. कंपनीच्या गाडीचा विषय निघाला असता तर पोलीस आले असते, आणि त्या गाडीत तोही होता. मालकाने मेंढ्याची किंमत सांगितली. हाच सगळ्यांत भारी होता, असंही सांगितलं. मुबीन ती हप्त्याने फेडायला कबूल झाला.

पुढचे काही दिवस देवऱ्यांना झोप लागली नसावी. पण त्यांना माणसांचा हिशेब येत होता, आणि तो बरोबर निघाला. देवेंद्रने ती गोष्ट मंडळात सांगितली होती, हसत, हातवारे करत, नावं न घेता. नावं घ्यायची गरजच नव्हती. आता गांगुर्ड्याने देवऱ्यांचं कंत्राट अडवलं असतं, तर लोक म्हणाले असते: एका वाटी रश्श्याचा राग काढला. आणि मग आवाज खाली आणून म्हणाले असते: त्यांच्यातल्या माणसाला अधिकार मिळाला की असंच होतं. सदानंदला हे ऐकू येत होतं, कुणी बोलण्याआधीच. असली वाक्यं तो शाळेपासून ऐकत आला होता.

त्याने देवऱ्यांच्या मागच्या पाच वर्षांच्या तपासण्या काढून वाचल्या. कामात खोट नव्हती. फेब्रुवारीत त्याने सही केली, दोन वर्षांची. कागद देवऱ्यांच्या हातात न देता शिपायाकडून पाठवला.

"पाहिलंस?" देवरे घरी म्हणाले. "मटण वाया गेलं नाही."

श्यामलाबाईंनी उरलेलं मटण त्याच शुक्रवारी पिशवीत बांधून खाली कचऱ्याच्या पेटीत टाकलं होतं. देवऱ्यांना ते आत्ता कळलं आणि थोडं वाईटही वाटलं. त्यानंतर त्या घरात मटण शिजलं नाही. विचारलं तर त्या म्हणत, मला वास येतो.

वर्षअखेरीला ठेकेदाराने नेहमीचा प्रश्न विचारला. देवऱ्यांनी मुबीनबद्दल एक वाईट शब्द काढला नाही. तसं त्यांना कुणीही कधी पकडू शकलं नसतं. त्यांनी हवी ती नावं सांगितली. मुबीनचं नाव सांगायचं राहिलं, एवढंच. सदानंदपर्यंत ही बातमी पोचली ती मुबीन क्लिअरन्सच्या कागदावर सही घ्यायला आला तेव्हा. त्याने तिथल्या तिथे ठेकेदाराला फोन लावला. जागा भरली गेली होती. नवा माणूस विमानात बसला होता.

"मी त्या दिवशी तुला विचारायला नको होतं," सदानंद म्हणाला.

"तुम्ही विचारलं नसतं, साहेब, तरी आफियासाठी बोललोच होतो." मुबीनने कागद घडी करून खिशात ठेवला. "तुम्हाला थोडं आधी सांगायला हवं होतं. पहिल्या वाटीच्या आधी. तेवढं राहिलं."

निघण्याच्या आठवड्यात देवरे मुबीनच्या खोलीवर गेले. निरोप घ्यायला. चहा घेतला, चिपळूणच्या पावसाची चौकशी केली, आफियाला म्हणाले, "तू आहेस ना अजून इथं, मग काळजी नाही." उठताना कपाटाच्या दारावरून हात फिरवला. घट्ट लाकूड होतं, बिजागऱ्या चांगल्या होत्या.

"याचं काय करणार आहेस?"

"घेऊन जा, साहेब," मुबीन म्हणाला.

तेव्हा त्या मेंढ्याचा हिशेब असा लागतो. मेंढ्याचे पैसे भरले मुबीनने. शेवटचा हप्ता आफियाच्या पगारातून गेला. माहीनचा कापलेला पगार मालकाने परत दिला नाही. म्हणाला, राखण नीट केली असतीस तर मेंढा रस्त्यावर गेला नसता. चिपळूणच्या घराचं बांधकाम जोत्यावर थांबलं. मुबीन आईपाशी, आणि आफिया जाब्रियाला, दुसऱ्या दोन नर्सबरोबर भाड्याच्या खोलीत. सदानंद नाशिकला गेला की आईसमोर जेवायला बसतो, आणि पणजोबाची गोष्ट निघाली की पाणी प्यायला उठतो. आईला अजून ठाऊक नाही. जयदीप डॉक्टर होणार. आणि हवल्लीच्या त्या फ्लॅटमध्ये श्यामलाबाई आता म्हणतात, "अहो, टॉवेल परकारांच्या कपाटात आहेत," आणि देवरे उठून काढून घेतात.